आधी एक चांगला शब्द

किसनभाऊ पट्टेबहादूर माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी पाहत. आधी पाय, मग गुडघे, मग पाठीचा कणा, मग श्वास, आणि एवढं सगळं पाहून झाल्यावर वेळ उरलाच तर तोंड. यात त्यांचा दोष नव्हता. रिठदच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. वीस वर्षं बैलांच्या खुरांकडे पाहून झाल्यावर माणसाच्या डोळ्यांत बघायला सुरुवात कुठून करायची, हेच त्यांना आठवत नसे.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि मी रिठदच्या शाळेवर नव्यानं रुजू व्हायला एसटीतून उतरलो होतो. फाट्यावर चहाच्या टपरीशी खाकी हाफपँट घातलेला, उंच, काटकुळा माणूस उभा होता. हातात रेक्झिनची काळी पिशवी, पिशवीला फिनाइलचा वास. मी दहा पावलं चाललो असेन-नसेन, तो म्हणाला,

"मास्तर, डाव्या जोड्यात खिळा वर आला हाय."

मी जोडा काढला. खिळा होता. रक्तही होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खुराची पत्री ढिली झाली का बैल असाच पाय टाकते."

"आणि मी मास्तर आहे हे?"

"खिळा टोचून राह्यला अन् कोनाले सांगून नाही राह्यले. मास्तरच असन."

ही आमची ओळख. पुढे माझ्याबद्दल त्यांनी गावभर जाहीर केलेलं मत असं होतं : "माणूस बरा हाय, पण रवंथ लय करते." हे मत मी आजवर खोडू शकलेलो नाही.

आता मुद्द्यावर येतो. रिठदला कबड्डीचं वेड होतं. वेड म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. तुरी निघाल्या की शाळेमागच्या पटांगणात बाद फेरीचे सामने लागत. आसपासच्या गावांचे संघ बैलगाड्यांनी, सायकलींनी, एसटीच्या टपावर बसून येत. सामना चाळीस मिनिटांचा आणि त्यावरचा वाद चार दिवसांचा. कोणाची पकड खरी, कोणाची चढाई भित्री, कप्तानानं कोणाला कधी पाठवायला नको होतं, यावर दोन सख्ख्या भावांनी वर्षभर वेगळ्या चुली मांडल्याचं उदाहरण गावात होतं.

आणि या सगळ्या वादांचं कोर्ट म्हणजे किसनभाऊंचा दवाखाना. स्वतः किसनभाऊ आयुष्यात एकदाही दम धरून मध्यरेषा ओलांडून गेले नव्हते. पण गावातल्या प्रत्येक घरच्या बैलावर त्यांचा हात फिरलेला. बौद्धवस्तीतला हा माणूस एरवी ज्या वाड्यांच्या दारातूनच परत फिरला असता, त्या वाड्यांचे मालक बैलाची दोरी धरून त्याच्या अंगणात उन्हात ताटकळत. बैल फुगला की मालकाला बाकी कशाचंच भान राहत नाही. म्हणून गावात सगळ्यांना बसता येईल अशी एकच जागा होती, दवाखान्याच्या अंगणातलं कडुलिंबाचं झाड. त्या झाडाखाली होता खोडा.

खोडा म्हणजे लाकडी चौकट. चार दणकट खांब, आडव्या बल्ल्या. सुई टोचताना बैल उधळू नये म्हणून त्याला आत उभं करून पुढची-मागची बल्ली अडकवायची. किसनभाऊंनी वादाच्या बैठकीसाठी नियम केला होता की ज्याला खेळाडूबद्दल बोलायचंय त्यानं खोड्यात उभं राहून बोलायचं. मागची बल्ली किसनभाऊ स्वतः अडकवत. बोलणं संपेपर्यंत सुटका नाही.

दुसरा नियम त्याहून अवघड. खेळाडूला शिव्या घालण्याआधी त्याच्याबद्दल एक चांगला शब्द बोलायचा. खरा. देखल्या देवाला दंडवत चालणार नाही.

"पण असं का?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, जनावराले आधी हात फिरवा लागते. मंगच सुई."

या नियमानं भलेभले गार होत. एका वर्षी उपउपांत्य सामन्यात शिरपूरच्या कोपऱ्यावरच्या खेळाडूनं आमच्या सरपंचांच्या, म्हणजे दौलतराव पाटलांच्या पुतण्याला असा उचलून आपटला की पोराचा दातच गेला. दुसऱ्या दिवशी दौलतराव खोड्यात शिरले ते मिशीला पीळ देत. "हा मानूस नाही, राक्षस..."

"चांगला शब्द, पाटील," किसनभाऊ शांतपणे म्हणाले.

"त्याच्याबद्दल? माह्या पुतण्याचा दात पाडला त्यानं!"

"बल्ली अडकवली हाय. मले काही घाई नाही."

पाटील खोड्यात. शंभर माणसं अंगणात. लिंबाची पिवळी पानं गळताहेत. पाटलांनी आभाळाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मिशी सोडली, आणि पाच मिनिटांनी म्हणाले, "घोट्याची पकड... जबरदस्त होती." मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखे, "तसा पाय आपल्या पोट्ट्यानंच पुढं टाकला म्हना." आणि बल्ली काढायला लावून निघून गेले. शिव्या राहूनच गेल्या.

असा हा माणूस. पण त्याचं खरं रूप मी पाहिलं ते गौतमच्या वर्षी.

गौतम खंडारे आमचा चढाईपटू. एकवीस-बावीस वर्षांचा, किसनभाऊंच्याच वस्तीतला, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाणारा, बोलायला लाजाळू आणि चढाईला गेला की वीज. खाली वाकून हात असा फिरवी की समोरच्याला आपण बाद झाल्याचं शिट्टी वाजल्यावर कळे. मी सामन्यांचा गुणलेखक होतो. गौतमच्या चढाया लिहिताना माझी पेन्सिल मागे पडे. त्या वर्षी पहिल्या दोन फेऱ्या त्यानं एकट्यानं जिंकून दिल्या. मग बातमी आली की अकोल्याच्या एका गिरणीच्या संघाचा माणूस अंतिम सामना पाहायला येणार. गिरणीला चढाईपटू हवा होता. खेळायचं आणि गिरणीत नोकरी. कायमची. पगारी.

गाव पेटलं. आपल्या गावचा पोरगा गिरणीच्या संघात!

आणि शनिवारी दुपारी धनजविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गौतम पाच वेळा बाद झाला. पाच वेळा! मी माझ्या हातानं लिहिलं. पाय उचलत नव्हता. एकदा तर अर्ध्या चढाईत दम तुटला, मध्यरेषेपासून चार हातांवर, आणि तो पोटाला हात लावून तिथेच बसला. धनजची मंडळी हसली. आपण एका गुणानं जिंकलो, पण ते कप्तान विठ्ठलच्या पकडींमुळे. गौतम मान खाली घालून, कोणाशी न बोलता घरी गेला.

रविवारी चार वाजता शिरपूरशी अंतिम सामना. रविवारी सकाळी आठ वाजता लिंबाखाली बैठक. एवढी गर्दी मी तिथे कधी पाहिली नव्हती. बायासुद्धा कुंपणापाशी उभ्या होत्या. प्रश्न एकच होता. गौतमला सातांत घ्यायचं की बसवायचं? बसवला तर गिरणीचा माणूस काय पाहणार? रिकामी जागा?

गौतम खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातात एक लिंबाची काडी होती, तिचे तो नखानं बारीक बारीक तुकडे करत होता.

पहिला विठ्ठल खोड्यात गेला. चांगला पोरगा, पण कप्तान. "गौतमसारखा हात तालुक्यात नाही. हा चांगला शब्द. पन भाऊ, काल त्यानं आमाले बुडवलंच होतं. अंतिम सामन्यात असा खेळला तं शिरपूरवाले लोण चढवतीन. मी त्याले बसवतो."

मग दौलतराव. "पोरगा इमानदार हाय. पन लय लवकर हवेत गेला. गिरनीचं नाव ऐकलं अन् पायाची माती सुटली."

मग किराणा दुकानदार बन्सीशेठ, वजनदार गृहस्थ. खोड्यात अगदी घट्ट बसत. "खेळतो चांगला. पण धनजवाल्यांनी काही देऊन फितवला नसेल कशावरून?"

अंगणात "ओ!" असा आवाज झाला. गौतमनं मान वर केली. हातातली काडी खाली पडली.

"बन्सीशेठ," किसनभाऊ उठले. "तुमी बाहेर नका येऊ. तुमाले काही इचारायचं हाय."

बल्ली जागच्या जागी. बन्सीशेठ आत. किसनभाऊंनी पिशवी खाली ठेवली, आणि वीस वर्षं प्रत्येक आजारी बैलाच्या मालकाला विचारलेला पहिला प्रश्न विचारला :

"जनावरानं काल काय खाल्लं?"

"मला काय माहीत?"

"तुमच्या घरी काय खाल्लं ते इचारून राह्यलो."

बन्सीशेठ गडबडले. "म्हणजे... सामन्याआधी सकाळी बोलावलं होतं. एवढा मोठा सामना. जिलेबी केली होती घरी."

"किती?"

"असेल अर्धा किलो. आग्रह केला थोडा."

"पाटील, तुमी?"

दौलतराव खाकरले. "पुरनपोळी. दोन."

"तीन!" कुंपणापासून पाटलीणबाईंचा आवाज आला. "अन् वाटीभर तूप."

"विठ्ठल, तुये घरी?"

"मायनं शिरा केला होता, भाऊ. म्हने कप्तानाच्या घरचं खाऊन गेला पाह्यजे."

मग तर बांधच फुटला. कोणी मागच्या रांगेतून ओरडलं, "दहीभात, पोटाले थंड!" कोणी, "भज्याचं पीठ भिजवलंच होतं, म्हनून..." एक म्हातारी उठून म्हणाली, "म्या तं बाप्पा निस्तं ताक पाजलं. तांब्याभर." किसनभाऊ एकेक बोट दुमडत होते. दोन्ही हातांची बोटं संपली. त्यांनी माझा हात धरला आणि माझं एक बोट दुमडलं.

"अकरा घरं," ते म्हणाले. "सकायी सहापासून बारापर्यंत अकरा घरं. अन् दोन वाजता त्याले चढाईले पाठवलं. म्या अकरा ठिकानी चारलेला बैल कधी शर्यतीत पाह्यला नाही. तुमी पाह्यला असन तं सांगा."

कोणी हसलं. मग सगळे हसले. मग दौलतराव हसता हसता थांबून म्हणाले, "अबे, पन याच्या तोंडाले काय झालं होतं? नाही म्हनाचं नं! काहून नाही म्हटलं त्यानं?"

किसनभाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले. प्रथमच, मी शपथेवर सांगतो, थेट तोंडाकडे.

"पाटील, तुमच्या ओसरीवर आमच्या वस्तीतला मानूस याआधी कधी बसला होता काय?"

पाटलांनी मिशीवरचा हात काढला.

"काल तुमी पोराले पाट मांडला. कोनाकडं पितळी ताट, कोनाकडं पत्रावळ, ते जाऊ द्या. पाट मांडला. पहिल्यांदा. एकाकडं जेवून दुसऱ्याकडं नाही म्हटलं असतं तं तुमी काय म्हटलं असतं? लागला माजाले. अकरा पाट मांडले तुमी अन् तो अकराही पाटावर बसला. पोट फुटलं असतं तरी उठला नसता. अन् हे शेठजी म्हनतात, फितला."

बन्सीशेठनी खोड्यातच हात जोडले. गौतम झाडाकडे तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीकडे पाहून माझ्यासारख्या अनाड्यालाही कळलं की तो रडतोय.

इथे हा प्रसंग संपला असता तर किसनभाऊ माझ्या लेखी थोर माणूस ठरले असते आणि मी हे लिहायला बसलोच नसतो. पण त्याच क्षणी कुंपणापाशी पदर खोचून एक बाई पुढे आल्या. वत्सलाबाई. किसनभाऊंच्या पत्नी.

"अकरा?" त्या म्हणाल्या. "बारा नाहीत काय?"

किसनभाऊंचा चेहरा बैलानं लाथ मारल्यासारखा झाला.

"सकायी साडेपाचले, सगळ्यायच्या आंधी, चार अंडे उकडून कोनं देल्ले त्याले? अन् शेरभर दूध? मी म्हनत होती, अव नका देऊ एवढं, पोट्ट्याले खेळाचं हाय. तं म्हने, तू चूप बस, ताकद लागते. सांगा नं आता!"

किसनभाऊंनी मागची बल्ली काढली. बन्सीशेठ तिरपे होऊन कसेबसे बाहेर आले. किसनभाऊ आत शिरले, आपल्या हातानं मागची बल्ली अडकवली आणि खांबांना धरून ताठ उभे राहिले.

"आधी चांगला शब्द," ते म्हणाले. "किसन कंपाउंडर जनावराचं पोट वळखते. आता दुसरं. घरचं पोट्टं असलं का त्याले काहीच वळखू येत नाही. त्यानं बी चारलं. सगळ्यायच्या आंधी. बारावं घर त्याचंच." मग जरा घसा साफ करून, "पहिलं घर, खरं म्हटलं तं."

अंगणभर जो हशा उसळला, त्यात लिंबावरचे कावळे उडाले. दौलतराव पोट धरून खाली बसले. आणि मला स्पष्ट आठवतं, त्या हशात गौतम वळला. डोळे पुसत हसत होता. विठ्ठलनं जाऊन त्याच्या पाठीत गुद्दा मारला. "चाल बे. खेळशीन तू."

पुढचे सात तास किसनभाऊंनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. त्यांनी गौतमला दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कुलूप लावलं. बारा वाजता एक भाकर, वाटीभर मुगाचं वरण. नंतर पाणी, तेही घोट घोट. बस. पण गाव ऐकेल तर ते गाव कसलं? तासाभरात खिडकीशी बाया उभ्या. "थोडासा चिवडाच हाय." "हे काही जेवन नाही, बोर हायेत." पाटलीणबाई तर पोराच्या अंगाला लावायला म्हणून तूप घेऊन आल्या होत्या. वाटीत! किसनभाऊ दारात बैलाला औषध पाजायची बांबूची नळी घेऊन उभे. "जो डबा उघडन, त्यालेच या नळीनं पाजीन. माणूस-बाई पाह्यनार नाही." आतून गौतमचा आवाज आला, "भाऊ, बोरं तं घेऊ का?" "चूप!"

अंतिम सामन्याचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द कमी आहेत आणि गुणपत्रिका जास्त. गौतम आला तो वाऱ्यासारखा. पहिल्याच चढाईत दोघे. दुसरीत तो शिरपूरचा घोटापकड्या राक्षस, ज्यानं दात पाडला होता. त्यानं घोटा धरला, गौतम मध्यरेषेपर्यंत त्याला ओढत गेला आणि एका बोटानं रेषा शिवली! एकच बोट! मी पेन्सिल फेकून दिली आणि ओरडलो. गुणलेखकानं ओरडू नये असा नियम आहे. तो नियम करणाऱ्यानं गौतमला पाहिलं नव्हतं. किसनभाऊ सीमारेषेशी उकिडवे बसून फक्त पायांकडे पाहत होते. "डावा... उजवा... हां, असा!"

आपण एका गुणानं हरलो. होय, हरलो. शेवटच्या मिनिटाला शिरपूरवाल्यांनी विठ्ठलला धरला. पण तुम्हाला सांगतो, हरल्यावर इतकं नाचणारं गाव मी पुन्हा पाहिलं नाही. गिरणीच्या माणसानं सामना संपताच गौतमचं नाव-गाव लिहून घेतलं होतं.

सोमवारी सकाळी रिवाजाप्रमाणे बैठक भरली. एकेक जण खोड्यात जाई, चांगला शब्द बोले आणि तिथेच अडके. "चढाई अशी का... का..." "मंग दुसरं?" किसनभाऊ विचारत. "दुसरं इसरलो, भाऊ." त्या दिवशी शेवटी बल्ली अडकवायचंच त्यांनी सोडून दिलं.

दीड महिन्यानं गौतमला बोलावण्याचं पत्र आलं, आणि त्याच आठवड्यात माझ्या बदलीचं. कुठे, तर धनजला. दोघांनी एकाच एसटीनं वाशीमपर्यंत जायचं ठरलं. फाट्यावर सगळं गाव. आणि प्रत्येकाच्या हातात डबा.

किसनभाऊ एसटीच्या दारात दोन्ही हात पसरून उभे. "मांगं! सगळे मांगं! पोट्टं अकोल्याले खेळाले चाललं, लग्नाले नाही! पाटील, तुमी बी मांगं व्हा! बन्सीशेठ, ते खाली ठेवा, मले वास येऊन राह्यला!" बन्सीशेठनी जिलेबीचा पुडा निमूटपणे मागे लपवला. एकही डबा आत येऊ शकला नाही. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता विचारलं, "हा साहेब कोण?" मी म्हटलं, "आमचे न्यायाधीश."

मग ते माझ्या खिडकीशी आले. माझ्या पायांकडे पाहिलं. "जोडा नवा घेतला. बरं केलं." आणि म्हणाले, "धनजले चालले. तिथं आमच्या रिठदबद्दल वाईट बोलायची पाळी आलीच तं..."

"आधी एक चांगला शब्द," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. घंटी वाजली. गाडी हलली. गौतम खिडकीतून मागे पाहत होता. तेवढ्यात किसनभाऊ इकडे-तिकडे नजर टाकून गाडीबरोबर लांब ढांगा टाकत चालू लागले, मग पळू लागले. पळता पळता काळ्या पिशवीत हात घातला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी गौतमच्या मांडीवर भिरकावलं.

"साडेतीनले अकोलं येते, त्याच्या आंधी खाऊ नको!" ते ओरडले.

मागच्या काचेतून मी पाहिलं. वत्सलाबाई कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, आणि किसनभाऊ त्यांच्याकडे पाठ करून, फिनाइलची पिशवी छातीशी धरून, गाडीकडे पाहत उभे होते. या वेळी पायांकडे नाही. धुळीनं दोघं झाकली जाईपर्यंत ते थेट खिडकीतल्या तोंडाकडे पाहत होते.

गौतमनं गाठ सोडली. चार अंडी. अजून कोमट.

तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. वाशीम यायच्या आत त्यानं चारही संपवली.